पेट्रोलचा डबा आणि दोन करंड्या आंबे

विमानात चढताना मी चपला काढून बाहेर ठेवल्या.

यावर आमच्या घरात आजवर इतकं हसून झालं आहे, की तुम्हीही हसून घ्या, माझी हरकत नाही. पण जरा माझ्या बाजूनं बघा. विमान म्हणजे केवढं, तर टॅक्सीला पंख लावावेत एवढं. पुढे दोन जागा, मागे एक बाक. दार उघडलं तर आत तांबड्या कातड्याची गादी, पायाखाली पुसून लख्ख केलेली फळी, आणि समोरच्या घड्याळांवर कुणीतरी वाहिलेलं जास्वंदीचं फूल. ते फूल बघितलं आणि माझे पाय आपोआप चपलांतून सुटले.

मेकॅनिकनं हातानं पंखा फिरवला, यंत्र धडधडलं, आणि जुहूची जमीन सुटल्यावर मी खाली वाकून पाहिलं. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा माझ्या चपला एकमेकींना खेटून जागच्या जागी होत्या.

"भावोजी, चपला?" वसंता ओरडला. त्या आवाजात ओरडूनच बोलावं लागे.

"राहू देत," मी ओरडलो. "येताना घेऊ."

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. वसंता म्हणजे माझ्या बायकोचा, इंदूचा, धाकटा भाऊ. परळच्या एका मिलच्या मालकांनी हौसेनं विमान घेतलं होतं आणि ते चालवायला वसंताला ठेवलं होतं. आमच्या चाळीत याचा रुबाब केवढा! तो आला की दुसऱ्या मजल्यावरच्या बायका नळ सोडून गॅलरीत यायच्या. मी फोर्टातला कारकून. मी आलो तर नळसुद्धा बंद होत नसे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. रोज कुठे ना कुठे सभा, आमच्या जिन्याच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेल्या घोषणा, आणि घरात भाजीपेक्षा वर्तमानपत्र आधी यायचं. मे महिना होता. शेठना कोकणात काजूचा कारखाना काढायचा होता, त्याच्या कागदांवर तिकडच्या खोतांच्या सह्या आणायच्या होत्या. ते गाव नेमकं माझ्या आत्याच्या शेजारचं. वसंता म्हणाला, "एक जागा रिकामी आहे, येता?" इंदूनं त्याला बाजूला घेऊन सांगितलेलं मी ऐकलं, "सांभाळून आण हो. जरा वेंधळे आहेत." वेंधळा कोण, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

आत्याचा सडा

कोकणात उतरायला सपाट जागा म्हणजे सडा. काळ्या जांभ्या दगडाचं पठार, मे महिन्यात तव्यासारखं तापलेलं. त्यावरचे धोंडे वेचून शेठच्या माणसांनी एक पट्टी साफ केली होती. त्या पट्टीवर विमान थांबलं, दार उघडलं, मी अनवाणी पाय खाली ठेवला आणि ताबडतोब वर घेतला. मग पुन्हा ठेवला. आमच्या स्वागताला आलेल्या मंडळींना वाटलं, मुंबईची माणसं विमानातून अशीच उतरतात.

आत्या बैलगाडी घेऊन आली होती. तिनं विमानाकडे एकदा बघितलं आणि माझ्या पायांकडे बराच वेळ.

"मेल्या, मुंबईत चपला घालायच्या सोडल्यात काय रे? का तीही चळवळच?"

दोन दिवस राहिलो. काय जेवलो ते सगळं सांगत बसलो तर विमान उडायचंच नाही, पण कुळथाची पिठी, फणसाची सांदणं आणि पहिल्या वाफेचा भात यांना नुसतं ओलांडून जाणं माझ्यानं होणार नाही. आमच्या गिरगावात पाहुण्याला विचारतात, "चहा टाकू ना?" आणि पाहुण्यानं आधी नको म्हणायचं असतं. आत्याकडे विचारणं हा प्रकारच नाही. पान रिकामं दिसलं की ती वाढते. आणि पान भरलेलं दिसलं तर, "जेवत का नाहीस?"

आता डब्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सड्यावर पेट्रोल कुठून मिळणार? म्हणून वसंतानं मुंबईहून तीन डबे आणले होते. निघायच्या दिवशी त्यातले दोन त्यानं, कचरा जाऊ नये म्हणून, मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतले. मुंबईपर्यंत तेवढं पुरे. तिसरा त्यानं मागच्या बाकामागे दोरीनं आवळून बांधला आणि मला बजावलं, "भावोजी, हा राखीव. समोरून वारा लागला तर वाटेत कुठेतरी वाळूवर उतरायचं, हा ओतायचा, पुढे जायचं. या डब्याशिवाय मी कधी उडत नाही." एवढं सांगून तो खोतांकडे सह्या आणायला गेला.

इतक्यात आत्याची गाडी आली. दोन करंड्या हापूस पेंढ्यात नीट बसवलेले, आणि एक फणस. घरातलं माणूस मुंबईला रिकाम्या हातानं पाठवणं आत्याच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. करंड्या बाकावर ठेवल्या आणि तिनं नाक मुरडलं.

"हे रे काय मागे? घासलेट?"

"पेट्रोल, आत्या."

"जे काय ते. आंब्यांना वास लागेल. इंदूच्या पहिल्या आंब्याला रॉकेलचा वास? काढ तो तिथून."

मला ते पटलं, ही खरी गोष्ट. मी दोरी सोडली, डबा उतरवला आणि करवंदीच्या जाळीखाली सावलीत ठेवला. विचार असा, की निघताना तो पुढे माझ्या पायाशी घेईन. पेट्रोलही आलं, आंबेही वाचले. स्वतःवर मी बेहद्द खूश होतो. एवढ्यात वसंता आला. आत्यानं तळहातावर दही घातलं, विमानाच्या चाकापुढे नारळ फोडला, पंख्याला कुंकू लावलं, माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. तिचे डोळे भरून आले, माझे आले. आम्ही निघालो.

तासाभरानं, हर्णैच्या आसपास, खाली निळं पाणी आणि होड्यांची शिडं बघत मी आरामात पाय लांब केले. आणि ते लांब झाले.

पायाशी काहीच नव्हतं.

"सरळ जाऊ या"

माणसानं अशा वेळी काय करावं, हे मला चांगलं माहीत आहे. शेजारच्या माणसाच्या खांद्याला हात लावावा आणि सांगावं. मी तसं केलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो आणि मनात हिशेब केला, की वारा नाही लागला तर डब्याची गरजच पडणार नाही, आणि गरज पडली नाही तर सांगायचीही नाही.

वारा लागला. दुपारनंतर समोरून असा लागला, की खालचा किनारा सरकेचना. वसंता काट्याकडे बघायचा, काचेवर बोटानं टिचकी मारायचा. अलिबाग दिसलं. ओहोटी होती, रुंद, कोरडी, सुंदर वाळू. आजही ती वाळू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

"भावोजी," तो ओरडला, "इथे उतरून डबा ओतू या का? की सरळ जाऊ या? म्हणजे, तसं पोचू. नाहीच पोचलो तर दादरलाही वाळू आहे, आणि डबा आहेच."

इथे उतरलो असतो तर काय झालं असतं? डबा नाही हे कळलं असतं, अलिबागेत पेट्रोल मिळालं असतं, मी शिव्या खाल्ल्या असत्या. बस्स. पण 'या डब्याशिवाय मी कधी उडत नाही' म्हणणाऱ्या माणसाला, बायकोच्या भावाला, 'आंब्यांसाठी काढला' हे सांगायला माझी जीभ उचलेना.

"सरळ जाऊ या," मी म्हणालो.

बंदराचं तोंड ओलांडलं, कुलाब्याची दांडी मागे पडली आणि डाव्या बाजूला मोकळा समुद्र, उजव्या बाजूला आमचं गिरगाव आलं. वरून ते इतकं लहान, इतकं दाटीवाटीचं! कौलं, गच्च्या, त्यांवर वाळत टाकलेले पापड, पतंगासारखी धोतरं. एका गच्चीवर हिरव्या लुगड्यातली बाई दिसली. इंदूच! मी जोरजोरात हात हलवला. मला वाटलं, हे शेवटचंच. (इंदू त्या दिवशी गच्चीवर गेलीच नव्हती. मी कुणाला हात केला, ते आजवर कळलेलं नाही.)

वरळीच्या पुढे यंत्र खोकलं. एकदा, दोनदा.

"संपलं," वसंता म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी शांत होता. "दादरला उतरतो. भावोजी, डबा मोकळा करून ठेवा. भरती लागायच्या आत ओतून निघायला हवं."

आता मात्र मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "वसंता, डबा नाही! मी तो आंब्यांना वास..."

आणि बरोबर 'वास'वर यंत्र बंद पडलं. त्या शांततेत माझं ते ओरडणं मलाच ऐकू आलं. तारांमधून वाऱ्याची शीळ, खाली लाटा, आणि मी.

वसंतानं मान वळवून मागे पाहिलं. करंड्या, फणस. मग त्यानं पुढे बघून विमानाचं नाक वाळूकडे वळवलं.

दादरची वाळू

ओल्या, घट्ट वाळूवर तो इतका अलगद उतरला, की फणससुद्धा लवंडला नाही. उतरल्यावर त्यानं दोन मिनिटं हात मांडीवर ठेवले.

"भावोजी," तो म्हणाला, "नीट ऐका. विमान फक्त या ओल्या पट्टीवरून उडेल. वरची वाळू मऊ आहे, चाकं रुततील. भरतीनं ही पट्टी झाकली की संपलं. मग पंख काढून ट्रकवर घालून न्यायचं, सगळ्या मुंबईनं बघायचं, आणि शेठनी मला घरी बसवायचं. दुसरं विमान मला कोण देणार आहे?"

तेवढ्यात माणसं धावत आली. शिवाजी पार्कावर सभा होती, तिकडे निघालेली मंडळी झेंड्यांसकट वाळूत उतरली होती.

"कोनाचं रे विमान?"

"सरकारी असंल. सभेवर नजर ठेवायला धाडलंय."

"चिठ्ठ्या टाकनार होते काय वरून?"

एकाच्या हातात दगड दिसला. मी दार उघडलं आणि, बोलायला काही सुचेना म्हणून, नुसता खाली उतरलो. कोट, धोतर आणि अनवाणी पाय.

एक उंच माणूस पुढे आला. छातीवर निळा बिल्ला, केसांत कापसाची लव. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसायला लागला. "अरे, सरकारी कसला? याच्या पायांत चपला पन नाहीत!"

दगड खाली पडला. हे कांबळे, भोईवाड्यातले, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे. त्यांनी आधी विमानाच्या पंखाला हात लावला आणि चमकले.

"हे तर कापड आहे! वरनं रोगन मारलंय. वीण काय दाट आहे... कुठल्या मिलचं?"

"विलायती आहे," वसंता म्हणाला.

"म्हनूनच बंद पडलं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

मी कांबळ्यांना खरं ते सांगितलं. डबा, आत्या, आंबे, सगळं. एकदा तोंड उघडलं की किती सोपं असतं! कांबळ्यांनी पाण्याकडे पाहिलं, तिथे होडी ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाला हाक मारली. त्यानं वाळूत टाच रोवली, पाणी बघितलं. "पानी फिरलंय. तासभर धरा. तोवर आमी हिला शेपटाकडून उचलून तोंड वाऱ्याला करतो. होडीच ती, पन लई हलकी होडी."

"आधी हे उतरवा," वसंता म्हणाला, आणि त्यानं स्वतःच दोन्ही करंड्या, फणस वाळूवर आणून ठेवले. "तेवढंच वजन कमी." त्या करंड्या पुन्हा चढणार नव्हत्या, हे मला कळलं. मी गुपचूप एक आंबा काढून कोटाच्या खिशात घातला. इंदूसाठी.

मी आणि कांबळे पेट्रोलला धावलो. केडल रोडचं डांबर काय तापलं होतं! तांडेलाच्या घरातून एक डबा घेतला होता. पंपावरच्या माणसानं डबा बघितला आणि दोन पावलं मागे गेला.

"डब्यात? या दिवसांत? साहेब, उद्या कुठे बस पेटली तर पोलीस माझ्या दारात. गाडीच्या टाकीत भरतो. डब्यात थेंब नाही."

"अहो, विमानात घालायचंय!"

"हो, आणि मी आगबोटीत घालतो."

माझी उमेद खचली, पण कांबळे गप्प बसणारे नव्हते. त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून एक टॅक्सी थांबवली. "टाकीत भरायचं ना? भरा टाकीत." टॅक्सीची टाकी भरली आणि आम्ही तीत बसून परत किनाऱ्यावर आलो. बसल्यावर मला एकदम आठवलं, "कांबळे, तुमची सभा?"

"सभा उद्या पन आहे," ते म्हणाले. "विमान रोज कुठं उतरतंय दादरला?"

टॅक्सीवाल्याकडे रबरी नळी होती. एक टोक टाकीत, दुसरं माझ्या हातात. "खींचो साब, मुंह से खींचो." मी ओढलं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा पेट्रोल थेट घशापर्यंत आलं. मी नळी सोडली, तिनं माझ्या कोटावर धार धरली, आणि मग कुठे ती डब्यात गेली. डब्याला सुक्या बोंबलाचा दणदणीत वास होता. म्हणजे पेट्रोल गाळायला हवं, आणि गाळायचं कातडं मळून कुठेतरी पडलेलं. मी धोतराचा सोगा काढून दिला. चार पदरी करून वसंतानं त्यातून पेट्रोल टाकीत सोडलं. तोवर पाणी चाकांना लागलं होतं.

कांबळ्यांनी वसंता सांगेल तसं दोनदा पंखा फिरवला. तिसऱ्यांदा यंत्र धडधडलं. वसंतानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही जिव्हारी लागणारं बोलणार.

"ताईला सांगू नका," तो कानाशी ओरडला. "मी सांगेन, वारा समोरून होता."

वजन नको म्हणून मीही खालीच राहिलो. पंधरा-वीस जणांनी ढकललं, चाकं पाणी उडवत निघाली, आणि शेवटच्या क्षणी, पट्टी संपायच्या जरा आधी, विमान उचललं. सभेचा सगळा समुदाय वर बघत होता. टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या. तांडेलानं आधीच एक आंबा चोखायला घेतला होता. कांबळ्यांनी करंड्या उघडल्या आणि आत्याच्या झाडांचे आंबे दादरच्या वाळूवर पांगले. कुणाच्याही हाताला पेट्रोलचा वास लागला नाही.

गिरगाव

पुढचं थोडक्यात. वसंतानं शेठना सांगितलं, 'डबा मीच विसरलो.' दोन महिने त्याला कचेरीत बसवलं, मग पुन्हा विमान दिलं. माझ्या चपला तो दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. आत्याचं कार्ड आलं, 'तुझा डबा चुलीपासून लांब ठेवला आहे, काळजी नसावी.' कांबळ्यांना पुढे दोनदा भोईवाड्यात जाऊन भेटलो. मग त्यांनी खोली बदलली आणि मी शोधायचं उद्यावर टाकत गेलो. ते आता कुठे असतील, कोण जाणे. राज्य झालं त्या दिवशी गर्दीत प्रत्येक उंच माणसाच्या केसांत मी कापूस शोधत होतो.

राहिली ती त्या संध्याकाळची गोष्ट. ट्रामनं घरी आलो. माझ्या शेजारची माणसं एकेक करून उठून दुसरीकडे बसली होती. इंदू दारातच होती.

"अहो, चपला कुठे?"

"वारा समोरून..." मी सुरुवात केली, आणि तिथेच थांबलो. दिवसभरात एकदा गप्प बसून झालं होतं, तेवढं पुरे होतं. मी चपलांपासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. अलिबागसुद्धा. वसंतानं काय सांगू नका म्हटलं, तेही.

तिनं मध्ये एकच विचारलं. "त्यानं विचारलं तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

मी खिशातून आंबा काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो धुतला, देवापुढे ठेवला, मग विळीवर चिरला. एक फोड नाकाशी नेली, माझ्या कोटाकडे पाहिलं आणि खाल्ली. मग दुसरी खाल्ली. बाठा चोखून पांढरा केला, पदराला हात पुसले, आणि म्हणाली,

"डबा तिकडे ठेवून आलात, आणि वास तेवढा इथवर घेऊन आलात."